काउंटरटेनर व्हायचंय: कोथरूडच्या एका मुलाचं प्रकरण

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात दोनशे पानी वही होती आणि वहीत देवनागरीत इटालियन लिहिलेलं होतं. 'वेद्रो कोन मियो दिलेत्तो.' विवाल्दीच्या १७२४ सालच्या 'जुस्तिनो' या ऑपेरातलं हे पद. याकुब ओर्लिन्स्की या पोलिश गायकानं ते २०१७ साली फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसला हाफ पँट घालून गायलं आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. फिरत फिरत तो कोथरूडच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाच्या मोबाईलवर आला. वय २१, शेवटचं वर्ष. बोलला तेव्हा आवाज एकदम खर्जातला, एसटीच्या कंडक्टरला शोभेल असा. "मॅडम, मला हे गायचंय," म्हणाला, उभा राहिला, आणि त्याच गळ्यातून दीड सप्तक वरचा एक हलका, वारा मिसळलेला, पण सुरात नेमका बसलेला आवाज निघाला.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकवते. तोवर माझ्याकडे एकही काउंटरटेनर, म्हणजे वरच्या हलक्या आवाजात बाईच्या पट्टीत गाणारा पुरुष, आला नव्हता. पुढच्या तीन वर्षांत त्याचं आणि माझं काय झालं ते इथे लिहिते आहे, माझ्या चुकीसकट. त्याची आणि घरच्यांची परवानगी आहे. नाव मात्र देत नाही.

आधीचं

वयाच्या आठव्या वर्षापासून तो शास्त्रीय गाणं शिकत होता. लहानपणी पेटीवरच्या काळी पाचमध्ये गायचा, बक्षिसं मिळवायचा. चौदाव्या वर्षी आवाज फुटला. गुरुजींनी वर्षभर थांबवलं, मग काळी एकमध्ये पुन्हा सुरू केलं आणि रोज पहाटे खर्ज भरायला लावला. यात काही चूक नाही. मुलाने मात्र घरी दार लावून जुन्या पट्टीत गायचं सोडलं नाही. एकदा क्लासमध्ये तार सप्तकात जाताना तो आवाज निसटला. गुरुजी म्हणाले, "हा खोटा आवाज. हा इथे चालणार नाही."

ख्यालापुरतं ते बरोबरच आहे. आपल्याकडे आवाज एकाच जातीचा, वर-खाली एकाच वजनाचा हवा असतो. पण 'खोटा' हा शब्द मुलाच्या मनात बसला तो बसलाच. गंमत अशी की युरोपातल्या शब्दाचा अर्थही तोच: फॉल्सेटो, म्हणजे खोटुकला.

दरम्यान वडिलांनी त्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. कागदावर 'प्युबरफोनिया' आणि पुढे प्रश्नचिन्ह. तो कागद घडी घालून त्याच वहीत ठेवलेला होता. माझ्यासमोर उघडताना मान खाली.

म्हणून पहिलं काम ते प्रश्नचिन्ह मिटवणं. प्युबरफोनियात मुलगा वयात येतो, स्वरयंत्र पुरुषाचं होतं, तरी बोलण्याचा आवाज मुलासारखा वरच राहतो. तो खाली आणायला स्पीच थेरपी असते आणि ती बहुधा चांगली लागू पडते. अडचण बोलण्यात असते. हा मुलगा तर बोलायचा खर्जात. पुरुषाचा बोलण्याचा सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा २०० च्या आसपास. माझ्या फोनवरच्या साध्या अ‍ॅपवरही हा ११५ च्या खाली-वर हलत होता. ओळखीच्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी त्याला अर्धा तास बोलायला लावलं, वाचायला लावलं, खोकायला लावलं आणि सांगितलं, याला काहीही झालेलं नाही, याला फक्त दोन आवाज आहेत.

तसे दोन सगळ्याच पुरुषांना असतात. साध्या आवाजात स्वरतंतू जाड राहतात आणि चांगल्या खोलीनं एकमेकांवर आपटतात. फॉल्सेटोत ते ताणले जाऊन पातळ होतात आणि कडाच तेवढ्या थरथरतात. नवशिक्याच्या त्या कडा नीट मिटत नाहीत, मधून हवा गळते, म्हणून तो आवाज पोकळ लागतो. काउंटरटेनरची तालीम म्हणजे मुख्यतः त्या कडा मिटायला शिकवणं. मी त्याला मधल्या सप्तकातली पांढरी सहा आकारात धरायला सांगितली. ७ सेकंदांत दम संपला. साध्या आवाजात एक सप्तक खाली तोच सूर तो २० सेकंद आरामात धरत होता. फुप्फुसात काही कमी नव्हतं, गळती होती.

माझी चूक

इतकं कळूनही पुढचे नऊ महिने मी त्याला बॅरिटोन, म्हणजे मधल्या जाडीचा पुरुषी आवाज, म्हणून शिकवलं.

तेव्हा मी स्वतःला दिलेलं कारण असं: आधी मूळ आवाज पक्का करावा, मग वरचं बघावं. शिक्षकांमध्ये हा विचार सर्रास आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. खरं कारण वेगळं होतं. मला फॉल्सेटो शिकवता येत नव्हता आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. त्याला 'कारो मियो बेन' हे इटालियन गाणं दिलं, श्वास शिकवला, नोटेशन शिकवलं. तो सगळं निमूट करत गेला. मग दोन गुरुवार आलाच नाही. तिसऱ्या गुरुवारी मेसेज आला: "मॅडम, मी तुमच्याकडे सतरावा बॅरिटोन व्हायला येत नाहीये."

मी त्याची रेकॉर्डिंग्ज ओळीने ऐकली. दर महिन्याला एक करायची माझी पद्धत आहे. नवव्या महिन्यातला बॅरिटोन नीटनेटका होता, कुठल्याही कॉयरमध्ये, समूहगायनात, मागच्या रांगेत खपला असता. पहिल्या दिवसाचं विवाल्दी गळकं होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असूच शकलं नसतं. मी त्याला फोन केला आणि सांगितलं, यातलं मला फारसं येत नाही, आपण दोघं मिळून शिकू. पलीकडून "बरं" एवढंच आलं.

त्या नऊ महिन्यांचा तोटा असा की जाड आवाजाचं वजन वर ओढत न्यायची खोड त्याला लागली, ती काढायला आणखी चार महिने गेले. फायदा एक झाला, पण तो कळायला बराच वेळ लागला. त्याकडे येतेच.

शिवण

काउंटरटेनर म्हटलं की सगळे वर बघतात: किती वर जातो? हा मुलगा वरच्या सप्तकातल्या पांढऱ्या तीनपर्यंत पहिल्याच महिन्यात सहज जायचा आणि पाहुण्यांना तेच करून दाखवायचा. तिथे त्याला माझी गरज नव्हती. आल्टोचं, म्हणजे बाईच्या खालच्या पट्टीच्या आवाजाचं, काम मधल्या सप्तकात असतं आणि तिथून खाली मंद्राच्या पांढऱ्या सहा-पाचपर्यंत उतरतं. फॉल्सेटो तिथे विझत जातो. नुसता फॉल्सेटो धरून बसलात तर पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. छातीचा आवाज आणलात तर राणीच्या महालात अचानक रखवालदार बोलल्यासारखं होतं. हा जोड लपवणं हीच खरी कारागिरी. आम्ही तिला शिवण म्हणायला लागलो. त्याच्या आईचं ब्लाऊज शिवण्याचं काम आहे, शब्द तिचाच. चांगली शिवण उलट बाजूनेच दिसते, असं ती म्हणाली होती.

रोजचा धडा असा. मधल्या पांढऱ्या पाचवर 'ऊ' धरायचा, ओठ गोल, जबडा सैल, आणि एकेक सूर उतरत मंद्राच्या पांढऱ्या पाचपर्यंत यायचं. सुरुवातीला मधल्या पांढऱ्या दोनपाशी, जिन्याची एक पायरी चुकावी तसा, 'टक्' असा आवाज यायचा. आवाज पडायचा, पडल्यावर तो हसायचा. मग ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून, बुडबुडे काढत तेच. तोंडापुढे असा अडथळा असला की स्वरतंतूंना मिटायला मदत होते. ओठांची फुर्र करत तेच. मग 'ऊ'चा 'ओ', 'ओ'चा 'आ'. छातीचा आवाज एकदम न आणता पांढऱ्या एकपासून चमचाभर, तिथून खाली आणखी चमचाभर. आणि इथे ते वाया गेलेले नऊ महिने कामाला आले. ज्या मुलाने छातीचा आवाज हळू, गोल, न दाबता लावायला कधी शिकलेलंच नाही, त्याच्याकडे मिसळायला असतं काय?

सहा महिन्यांनी 'टक्' गेला. पांढरी सहा १६ सेकंद टिकू लागली. मंद्रातली पांढरी पाच मात्र वाऱ्याचीच राहिली. त्यात बरोक, म्हणजे विवाल्दी-हेंडेलच्या काळच्या, संगीताची पट्टी: आजच्या ४४० ऐवजी तिथे बहुधा ४१५ हर्ट्झचा ए, म्हणजे पांढरी सहा, धरतात, म्हणजे सगळं अर्ध्या स्वरानं उतरतं. वरच्या सुरांसाठी ही मेहेरबानी आहे. आमच्यासाठी नव्हती.

भाषेकडून एक गोष्ट मात्र आयती मिळाली. इटालियनचं 'ग्रात्सिए' इंग्रजी शाळेतल्या मुलांना शिकवताना माझा घाम निघतो. याला सांगितलं, चमचातला च लाव. झालं. दिलेत्तो, बेल्ला, ओम्ब्रा: जोडाक्षरं मराठी माणसाला आंदण मिळालेली आहेत. अडायचं ते आखूड आणि मोकळ्या 'ए'-'ओ'वर.

सा हरवतो

दुसऱ्या वर्षी त्याला हेंडेलचं 'ओम्ब्रा माइ फू' दिलं. १७३८ सालच्या 'सेर्से'मधलं, राजा झाडाच्या सावलीची स्तुती करतो ते. मधेच पियानो नव्या स्वरावर स्थिरावला आणि हा थांबला. चेहरा कावराबावरा. "मॅडम, सा कुठे गेला?"

प्रश्न विनोदी नव्हता. तेरा वर्षं तंबोऱ्याखाली वाढलेल्या कानाला सा हलू शकतो हे पटतच नाही. मी हार्मनीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, मूर्च्छना शिकलास ना? षड्ज हलवून भूपाचा मालकंस करतात तसं. पियानोने पंचमाला सा केलंय, तू तिथे राहायला जा, नंतर परत यायचंच आहे. पंधरा मिनिटांत जमलं. पुढे प्रत्येक पदाच्या कागदावर तो लाल पेनाने 'नवीन सा' लिहून ठेवू लागला.

दा कापो पदांत उलटं झालं. या पदांत पहिला भाग, मग दुसरा, मग पहिला पुन्हा येतो आणि या पुनरावृत्तीत गायकाने सजावट करायची असते. इथे त्याला आवरावं लागलं. पहिल्याच प्रयत्नात त्याने सरळ दोन आवर्तनांची तान मारली. खाली चेलो आपला बिचारा पुढे निघून गेला होता. खालच्या स्वरसंघाला धरून, श्वासाच्या मापात, चार जागा; पाचवी नको. हे आवरणं त्याला अजून पूर्ण साधलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर एखादी पाचवी जागा इतकी सुंदर येते की मी गप्प बसते.

बालगंधर्व आणि सीझर

घरी आजी सोडून कुणाला हे रुचलं नव्हतं. आजी म्हणायची, "आमचे बालगंधर्व नव्हते का?" आणि तिथेच वडील बिथरायचे. त्यांना जी भीती होती तिला आजी नाव देत होती.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले आणि जेवणानंतर त्याच्या वडिलांपुढे हा विषय काढला. काका, ही तुलना दोन्ही बाजूंनी उलटी आहे. नारायणराव राजहंस १९०५ साली शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हापासून भूमिका बाईच्या केल्या, पण गायले पुरुषाच्या स्वतःच्या आवाजात, फॉल्सेटोत नाही. तिकडे अठराव्या शतकात उंच आवाज हा नायकाचा आवाज होता. हेंडेलच्या १७२४ सालच्या 'जुलिओ चेझारे'त ज्युलियस सीझर गायला तो सेनेसिनो, आल्टो आवाजाचा कास्त्रातो. लहानपणीच शस्त्रक्रिया करून त्या गायकांचा आवाज फुटू दिलेला नसे. क्रूर प्रकार होता आणि तो संपला हे बरंच झालं. पण त्यांच्यासाठी लिहिलेल्या भूमिका उरल्या. १९२० साली जर्मनीत गॉटिंगेनला हेंडेलचे ऑपेरा पुन्हा उभे राहू लागले तेव्हा त्या भूमिका सप्तकभर खाली ओढून जाड्या आवाजाच्या पुरुषांना दिल्या जात. पुढे आल्फ्रेड डेलर या इंग्रज गायकाने हा आवाज मैफलीत आणला, १९६० मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटनने त्याच्यासाठी शेक्सपिअरच्या परीराजाची, ओबेरॉनची, भूमिका लिहिली, आणि मग हळूहळू सीझर पुन्हा वरच्या पट्टीत गाऊ लागला. तुमचा मुलगा क्लिओपात्रा होणार नाही, सीझर होईल.

काका बराच वेळ सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "पण पोट भरतं का यावर?"

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचं माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. एका काउंटरटेनरला मिळणाऱ्या भूमिका मुख्यतः १७५० च्या आधीच्या आणि १९६० च्या नंतरच्या. मधली दोनशे वर्षं, म्हणजे व्हेर्दी, पुच्चिनी, ज्यावर ऑपेराघरांचा गल्ला चालतो, ती त्याला जवळपास बंद. नवे संगीतकार मात्र या आवाजासाठी लिहितात. फिलिप ग्लासच्या १९८४ सालच्या 'अखनातेन'मधला राजा काउंटरटेनरच आहे. मी बेजुन मेहताचं उदाहरण दिलं: पारशी वडिलांचा, अमेरिकेत वाढलेला, लहानपणी बालगायक म्हणून नावाजलेला, मग बॅरिटोन म्हणून न जमलेला, आणि काउंटरटेनर झाल्यावर मोठ्या ऑपेराघरांत पोचलेला. "पारशी म्हणजे मुंबईचा," काका म्हणाले, जणू त्याने शंका फिटली. आजीने सीझरला काय नेसवतात ते विचारलं.

ढोल, आल्टोची रांग, कालनिर्णय

मुलगा ढोल पथकात होता, आणि पुण्यात हे सोडायला सांगणं म्हणजे लग्न मोडायला सांगण्यासारखं. दुसऱ्या वर्षी गणपतीत तीन आठवडे धूळ आणि घोषणा. विसर्जनानंतरच्या गुरुवारी साधा आवाज थोडा घोगरा, पण चालता. फॉल्सेटो मात्र लागेचना. तोंड उघडायचा आणि अर्धा सेकंद नुसती हवा. स्वरतंतूंना जराशी सूज आली तरी पहिला जातो तो वरचा, हळू लावलेला सूर, कारण पातळ कडांना तेवढाही फुगवटा परवडत नाही. पंधरा दिवस गाणं बंद, बोलणं कामापुरतं. तडजोड अशी झाली: ढोल वाजव, कानात बोळे घाल, घोषणा दुसऱ्यांना देऊ दे. ती तो पाळतो. निदान मला तसं सांगतो.

डिसेंबरात त्याला एका कॉयरमध्ये आल्टोच्या रांगेत बसवलं. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी मायेनं सांगितलं, "बाळा, टेनर तिकडे." तो गायल्यावर त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि पर्समधली लवंग दिली. त्याच कार्यक्रमात हेंडेलच्या 'मेसाया'तलं 'ही वॉज डिस्पाइज्ड' त्याने एकट्याने गायलं. १७४२ साली डब्लिनला ते सुझॅना सिबर या नटीने गायलं होतं. हे पद फारसं वर जातच नाही. दाखवायला काही नसतं. शिवण उघडी पडायची असेल तर इथेच पडते. एकदा पडली. हॉलमध्ये ते तिघा-चौघांनाच कळलं असेल. त्याला कळलं, बसताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पदवीनंतर हिंजवडीत नोकरी लागली. ऑफिसच्या बसमध्ये तो स्ट्रॉचा व्यायाम करतो, लोक ताक पितोय समजतात. मुंबईत जन्मलेली सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीची गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ भारतात येऊन तरुण गायकांना शिकवते. तशा शिबिरांतून आणि दर पंधरा दिवसांनी डेक्कन क्वीनने मुंबई करून, साथीला पियानोवादक मिळवून, त्याने पहिला अर्ज लंडनला केला. व्हिडिओच्या पायरीवरच नकार आला. मला वाईट वाटलं, काकांना सुटल्यासारखं झालं, कारण तिथल्या मोठ्या संगीत महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला २५,००० पौंडांच्या पुढे जाते. कालनिर्णयच्या मागच्या पानावर त्यांनी तो गुणाकार केला होता आणि पान उलटून ठेवलं होतं.

मग जर्मनी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो फी, शिवाय व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो. हा आकडा काकांनी पान न उलटता मांडला. मुलगा बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात शनिवार-रविवार जर्मन शिकू लागला. पुण्यात त्याचं एक बरं: वर्गात निम्मे लोक नर्सिंगला किंवा मोटारींच्या कारखान्यात जाणारे, 'तू कशाला?' असं कुणी विचारत नाही.

यंदा प्रत्यक्ष ऑडिशनचं बोलावणं आलं. नोकरीतून आठ दिवसांची रजा, काकांनी मोडलेली एक मुदत ठेव. दोन पदं गायला मिळाली. दुसऱ्या पदाच्या मधे थांबवून परीक्षकांनी खालच्या सुरांवरची चार मापं पुन्हा म्हणायला सांगितली, मग आणखी एकदा, 'ऊ'वर. नंतर एकाने विचारलं, तुम्ही ही सजावट कुठे शिकलात? तो म्हणाला, पुण्यात. जूनमध्ये पत्र आलं: या वर्षी जागा नाही, पुढच्या वर्षी पुन्हा यावं. असं पत्र सगळ्यांना जातं का, हे त्याने मला विचारलं. मी म्हणाले, बहुतेक जात असावं. पण 'ऊ'वर पुन्हा म्हणायला सगळ्यांना लावत नाहीत.

तो आता २४ वर्षांचा आहे. काकांनी रिकरिंग सुरू केलं आहे, कशासाठी ते बोलत नाहीत. गेल्या गुरुवारी बाहेर पाऊस, माझ्या पियानोच्या दोन पट्ट्या दमटपणाने अडकलेल्या, त्यातली एक नेमकी मंद्रातली पांढरी पाच. त्यामुळे तो सूर त्याने आधाराशिवाय लावला. वहीत त्या तारखेसमोर मी लिहिलंय: पां. ५, 'आ', ९ सेकंद, वारा कमी. खाली त्याने पेन्सिलने भर घातली आहे: शिवण डावीकडून थोडी दिसते.